खाकी कागदाआडचा उजेड

त्या शनिवारी आबा नेहमीप्रमाणे दिवेलागणीला उठले. मधल्या खोलीचं दार करकरलं आणि लुंगीची गाठ सावरत, उजेडाला भुवया आक्रसत ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. त्याबरोबर घरातले आवाज सुटे झाले. आईने कुकर चढवला. मोहनाने नळ पूर्ण सोडला, फोनचा आवाज चालू केला, कपाटाचं पत्र्याचं दार हाताने न अडवता धाडकन लागू दिलं. बडोद्यातल्या पाणीगेटच्या त्या गल्लीत बाकीच्यांचा दिवस मावळत होता आणि या घराचा उजाडत होता. मकरपुऱ्याच्या ज्या कारखान्यात आबांनी, म्हणजे जयवंतरावांनी, जन्मभर भट्टीवर रात्रपाळी केली, तो सुटून आता बरीच वर्षं झाली होती. निरोपाच्या दिवशी कंपनीने शाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं. दिवस मात्र परत दिला नाही. ते अजूनही रात्रभर ओट्यावर खुर्ची टाकून बसत, पहाटे नळाला पाणी आलं की शेजारच्या म्हाताऱ्यांच्याही टाक्या भरून ठेवत, दुधाच्या पिशव्या आत घेत आणि गल्लीत पहिला झाडू वाजायच्या सुमारास खोलीत जाऊन पडत.

"चहा टाकलाय," आई म्हणाली. "आज लवकरच उठलात."

"दिवस आखडलाय. डिसेंबर आहे."

मोहना जेवायच्या टेबलाशी बसून सोमवारच्या तासाची तयारी करत होती. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. तिचा स्वतःचा अभ्यास होता उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रातल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या कवचधारी जीवांचा. आबा त्यांना किडे म्हणत. आपल्या पोरीने एवढं शिकून किडे निवडावेत याची त्यांना गंमतही वाटे आणि, मोहनाला संशय होता, थोडा अभिमानही.

"काय म्हणतायत तुझे किडे?"

"झोपलेत, आबा. तिकडे आता सूर्यच उगवत नाही. खोल तळाकडे जाऊन पडून राहतात. खाणंपिणं बंद. अंगात तेलाचा थेंब साठवलेला असतो, त्याच्यावर जगतात. उजेड परत यायच्या सुमाराला वर."

"खाली अंधारात त्यांना कळतं कसं, वर उजेड आला ते?"

"आत घड्याळ असावं. नक्की कुणालाच माहीत नाही."

"आणि ते चुकलं तर?"

"मग वर येतात तेव्हा खाणं संपलेलं असतं. हल्ली बर्फ लवकर वितळतो. उजेड पाण्यात लवकर शिरतो, शेवाळ आधीच वाढून सरून जातं. यांची पिल्लं मागाहून येतात आणि उपाशी मरतात."

आबा बशीत चहा ओतता ओतता हसले. "म्हणजे आमच्या मकरपुऱ्यासारखंच ने. आपली सुट्टी होईस्तोवर कँटीन बंद."

"तुम्ही तरी कुठे वर येता?" आई गॅसकडे तोंड करूनच म्हणाली. "लग्न झाल्यापासून बघतेय, तळाशीच."

"येतो की. तू दिवा लावलास की येतो."

आईचे कान लाल झाले असावेत असं मोहनाला पाठीमागूनही वाटलं. मग आबांनी दरवर्षी या दिवसांत म्हणायचे तेच म्हटलं. "मोहना, या उत्तरायणला मला दुपारी उठव गं. एकदा गच्चीवर जाऊन पतंग बघायचेत. भर उन्हात."

"दरवर्षी म्हणता," आई म्हणाली. "आणि उठवलं तर दोन दिवस डोकं धरून बसाल."

"या वर्षी उठव."

"बरं," मोहना म्हणाली. पानावरची नजर तिने उचलली नाही. बोलणं तेवढंच झालं. कुकरची शिट्टी झाली, बाहेर रिक्षा वळली, आबांनी दुसरा अर्धा कप मागितला. तो शेवटचा साधा दिवस होता आणि त्याच्या अंगावर तशी काही खूण नव्हती.

आबांना कुणी उठवायचं नाही, हा त्या घराचा पहिला आणि जवळजवळ एकुलता एक नियम होता. देवाचं काही राहिलं तर आई स्वतःशी पुटपुटून माफी मागून टाकत असे, या नियमाला माफी नव्हती. मधल्या खोलीच्या खिडकीला आतून खाकी कागद चिकटवलेला असायचा. दर जूनमध्ये मोहनाच्या नव्या पुस्तकांना कव्हरं घालण्यासाठी जो गठ्ठा येई, त्यातलेच उरलेले ताव खळ लावून खिडकीवर चढत. त्यामुळे शाळेतल्या पुस्तकांना आणि आबांच्या झोपेला एकच वास होता, कागदाचा आणि मैद्याच्या खळीचा. दिवसा डाळ पातेल्यात शिजे, कुकर संध्याकाळनंतर. भांडी घासायची ती घमेल्यात फडकं अंथरून. दाराची कडी वर उचलून सरकवायची. भाजीवाला गल्लीच्या तोंडाशीच आरोळी थांबवून या घरासमोरून मुक्याने पुढे जाई आणि पलीकडच्या हंसाबेनच्या ओट्याशी पुन्हा आवाज काढी. मोहना बोलायला शिकली ती कुजबुजायलाच शिकली. शाळेत बाई म्हणायच्या, जरा मोठ्याने वाच, मागे ऐकू येत नाही. ती मोठ्याने वाचायची आणि तिला वाटायचं, कुणीतरी झोपेतून दचकून उठणार आहे. घराण्यातल्या जुन्या माणसांनी सरकारी पागेत घोड्यांवर पहारे केले, असं आबांची बहीण अभिमानाने सांगत असे; मोहनाला वाटे, आपणही पहारेकरीच आहोत, फक्त झोपेवरचे.

एकदा, तिसरी-चौथीत असेल, वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं. कुजबुजणाऱ्या मुलीला वक्तृत्वाचं बक्षीस, हा विनोद तिला फार उशिरा कळला. चकचकीत पेला घेऊन ती दुपारी धावत घरी आली आणि आईच्या हातून निसटून मधल्या खोलीत शिरली. आत चहाच्या रंगाचा काळोख. आबा भिंतीकडे तोंड करून निजलेले. पाठ वर होत होती, खाली होत होती. तिने हात पुढे केला. तिच्या बोटांत आणि त्यांच्या बनियनमध्ये पोळीएवढंही अंतर नव्हतं. इतर घरांतल्या मुली काय म्हणत असतील ते तिला ठाऊक होतं. शेजारची स्नेहल रोज सकाळी बापाच्या पोटावर उडी मारून म्हणायची, पप्पा, उठा. तो शब्द तोंडाशी आला आणि तिथेच विरला. श्वास मोजल्यासारखा ऐकत ती उभी राहिली आणि मग चवड्यांवर मागे आली. "संध्याकाळी सांग," आई म्हणाली. त्या घरात बातम्या संध्याकाळपर्यंत थांबत. पडून गेलेले दात, फुटलेले गुडघे, आलेले गुण, सगळं दिवेलागणीपर्यंत थंड होऊन जाई आणि मग आबांसमोर चहाबरोबर ठेवलं जाई. आबा मन लावून ऐकत, डोक्यावर हात ठेवत, "शाबास" म्हणत. पण तोवर ती वेगळी मुलगी झालेली असे. रडून झालेली, हसून झालेली.

म्हणून तिला थंडी आवडायची. थंडीत दिवस लहान होत आणि आबा मोठे होत. सूर्य लवकर मावळला की आबा लवकर उठत, आणि कंपनीची बस येईपर्यंत ते तिचे असत. ओट्यावर शेंगा फोडायच्या, पाढे म्हणायचे, त्यांच्या मनगटावरच्या भाजलेल्या डागांना नावं द्यायची. उन्हाळ्यात उलटं. दिवस ताणत जाई, आबा झिजत जात. चहा, आंघोळ, डबा, बस. सगळ्या मुली सुट्टीची वाट बघत तेव्हा मोहना मनातल्या मनात रात्रीची लांबी वाढवत बसायची. आणि एक कोडं तिला कायम छळायचं. खिडकीला कागद, दाराला पडदा, खोलीत घड्याळ नाही. तरी आबांना बाहेर अंधारल्याचं कळायचं कसं? एका डिसेंबरात आणि एका मे महिन्यात तिने खोलीच्या दाराशी बसून वाट पाहिली होती. दोन्ही वेळा गल्लीतला दिवा लागला आणि आत खाट वाजली.

पुढे या कोड्यानेच तिचं आयुष्य घेतलं, असं म्हटलं तर फार होईल, पण खोटं होणार नाही. ध्रुवाकडच्या समुद्रात अंधाराचे महिने असतात तेव्हा पूर्वी लोक समजत, आता खाली सगळं निपचित आहे. तसं नाही. भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या खाली असतानाही आभाळाच्या कडेला एक राखाडी पुसटपणा येतो, माणसाच्या डोळ्याला तो धड जाणवत नाही. तेवढ्यावर कोळंबीच्या जातीचे जीव वर-खाली होतात. तेवढंही नसेल तर चंद्राच्या मागे जातात. काही सील माद्या तर पोटातला गर्भ तसाच थोपवून धरतात, वाढू देत नाहीत. दिवसाच्या लांबीचा हिशेब शरीरात जुळला की मगच तो रुजतो, म्हणजे पिल्लू बरोबर त्या ऋतूत बर्फावर येतं. उजेड तिथे वर्षातून एकदाच येतो आणि जन्मायचं, खायचं, साठवायचं ते त्याच्या मापाने. मोहना हे वर्गात शिकवायची तेव्हा मागच्या बाकावरची मुलं फोनमध्ये असायची. त्यांना उजेडाची टंचाई कधी भासली नव्हती.

एका जानेवारीत ती स्वतः तिकडे गेली होती, संशोधनाच्या जहाजावर, एका परदेशी चमूबरोबर. तिथे दुपारी जेवणानंतर जहाजावरचे सगळे दिवे मालवले जात. डेक, शिडी, खिडक्या, सगळं काळं. कारण उघडं होतं: दिवे चालू असले की जहाजाखालचे जीव खोल पळत. पडद्यावर आवाजाच्या लहरींनी काढलेलं पाण्याचं चित्र उमटे. दिवे बंद असताना त्यात वरच्या थरात दाट पट्टा दिसे, आणि कुणी चुकून बटण दाबलं की तो पट्टा डोळ्यांदेखत खाली बुडत जाई आणि वर नुसतं रिकामं पाणी उरे. वर्षानुवर्षं माणसं दिवे लावून मोजत आली, आणि लिहीत आली की इथे काही नाही. चमूची प्रमुख, एक उंच पांढऱ्या केसांची बाई, त्या अंधारात तिला म्हणाली, "तू अशी चवड्यांवर का चालतेस? कुणी झोपलंय का?" मोहनाला तोपर्यंत कळलंच नव्हतं. सगळे धडपडत होते, एकमेकांवर आपटत होते, आणि ती एकटी कडी वर उचलून दार सरकवत होती, हात पुढे न करता वळणं घेत होती. त्या भयंकर थंडीत, जगाच्या टोकाला, तिला घरी आल्यासारखं वाटलं होतं. परतल्यावर तिने आबांना हे सांगितलं नाही. तिथली थंडी सांगितली, मासे सांगितले. तुमच्या खोलीसारखं होतं, हे वाक्य चहाबरोबर ठेवता येण्याजोगं नव्हतं.

रविवारी सकाळी आबांनी दुधाच्या पिशव्या आत आणल्या आणि "थंडी पडली बरं का" एवढं म्हणून खोलीत गेले. मोहना अर्धवट झोपेत होती, तिने हुंकार दिला. ऊन वर आल्यावर ती आणि आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून उंधियूसाठी सुरती पापडी सोलत होत्या. दाणे फडक्यावर टाकायचे, ताटात टाकले तर वाजतात. आणि मधल्या खोलीत काहीतरी पडलं. धातूचा आवाज. खाटेशेजारच्या तांब्यावरचं फुलपात्र. ते फरशीवर आपटलं, मग घरंगळत गेलं, गोल गोल फिरलं, भिंतीला लागलं, परत थोडं फिरलं आणि थांबलं. एवढासा आवाज, पण त्या घरात दिवसा असा आवाज कुणी ऐकला नव्हता. मोहनाचे हात थांबले. ती अर्धी उठली. आईने तिच्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"झोपेत हात लागला असेल," आई कुजबुजली. "जाऊ नको. जाग आली तर परत डोळा लागत नाही त्यांचा."

दोघी कान देऊन बसल्या. आतून काही आलं नाही. आईने हलकेच मान डोलावली, बघ, झोपले, अशी, आणि पुढची शेंग हातात घेतली. मोहना खाली बसली. पापडीची शीर ओढताना होणारा आवाजही तिला मोठा वाटला आणि तिने तो जपून काढला.

दुपारी गल्लीत लग्नाचा वरघोडा आला. कमुर्तं, म्हणजे लग्नं न होणारा धनुर्मास, लागायच्या आतली शेवटची लग्नं उरकत होती. पाणीगेटकडून ढोल, ताशा, ब्रास बँड, कर्ण्यातून हिंदी गाणं, असा सगळा गोंधळ वळणावर आला तेव्हा खिडकीच्या काचा थरथरल्या. आई पदर खोचून बाहेर धावली, पण तिला काही म्हणावंच लागलं नाही. हंसाबेन आधीच ओट्यावरून दोन्ही हात हलवून, हळू, काका झोपलेत, म्हणून सांगत होत्या. "ए भाई, धीमे! जयवंतकाका सूता छे!" बँडवाल्यांतला म्हातारा या गल्लीतलाच. त्याने मागे वळून खूण केली. ढोल थांबले. कर्णा बंद झाला. घोडीवरचा नवरा, त्याच्या बहिणी, फटाक्यांची माळ हातात धरलेला कुणी काका, सगळी वरात या घरासमोरून पावलांच्या आवाजाने तेवढी गेली. घोडीच्या टापा, बायकांच्या शालूंची सळसळ, एक दबलेलं हसू. एक मुलगी मैत्रिणीला विचारत होती, कोण गेलं इथे? मैत्रीण म्हणाली, कोई नथी गयुं, सूता छे. मोहना दारात उभी राहून हे बघत होती आणि तिला त्या वेळी खरोखर बरं वाटलं होतं. रात्रीच्या रात्री या माणसाने लोकांच्या टाक्या भरल्या, गल्लीने ते लक्षात ठेवलं. पलीकडच्या वळणावर ढोल पुन्हा फुटले.

संध्याकाळ झाली. गल्लीतला दिवा लागला. आईने देवापाशी समई लावली आणि चहा टाकला. मोहनाने नळावर हात ठेवला आणि सोडला नाही. खाट वाजायची होती अजून. चहा गाळून झाला. त्यावर साय धरली. "आज जरा उशीर," आई म्हणाली. थोड्या वेळाने तिने तो परत गरम केला. शेवटी मोहना उठली, पडदा सारला, आणि ज्या खोलीत आबा झोपलेले असताना कधी दिवा लागला नव्हता तिथलं बटण तिने दाबलं. आबा खाटेच्या कडेला सरकलेले होते. एक हात बाहेर लोंबत होता. बोटं अर्धी मिटलेली, कशाला तरी धरायला निघालेली. ती बोटं लाकडासारखी ताठ झाली होती.

नाक्यावरच्या दवाखान्यातले डॉक्टर येऊन गेले. "सकाळीच गेले असावेत," ते म्हणाले. मोहनाने विचारलं, लगेच कळलं असतं तर. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप गुंडाळत इकडेतिकडे पाहिलं. "एवुं कहेवाय नहीं, बेन. असं सांगता येत नाही." आई दाराशी उभी होती. तिने हे ऐकलं, आणि मोहनाने आईला ऐकताना पाहिलं, आणि दोघींनी नजर फिरवली.

मग घर माणसांनी भरलं. पादरा गावाहून चुलतभाऊ यशराज आला, त्याने सगळं निभावलं. सगळ्या खोल्यांतले दिवे रात्रंदिवस चालू राहिले. माणसं मोठ्याने बोलत, फोनवर पत्ते सांगत, भांडी आपटत. आबांची बहीण आल्या आल्या खाटेवर कोसळली आणि तिने हंबरडा फोडला, "दादा, ऊठ रे! ऊठ!" तिला किती सहज म्हणता आलं, मोहनाच्या मनात आलं. हंसाबेन म्हणाल्या, उठो काका. मांडीवर पोर घेऊन आलेली शेजारची स्नेहलसुद्धा म्हणाली, काका उठा ना. जो तो येऊन तेच सांगत होता, जणू त्या एका शब्दाची वर्षानुवर्षं साठलेली उधारी आज फिटत होती. मोहना पायाशी बसली होती. तिच्या घशात काही आलंच नाही. लोक म्हणाले, पोरगी घट्ट आहे, शिकलेली आहे. तिला ते जहाज आठवत होतं. इतका उजेड झाला होता घरात की आबांचं म्हणून जे काही अजून जवळपास रेंगाळत असेल ते खोल खोल निघून चाललं होतं, आणि ती पडद्यावर बघितल्यासारखी ते बघत होती. दिवे घालवा, असं तिला म्हणायचं होतं. सुतकाच्या घरात असं कुणी म्हणत नाही.

तेरावा उरकल्यावर निघताना यशराज म्हणाला, "काकी, आता हे कागद काढून टाकू या का खिडकीचे? जरा उजेड येईल. मी खरवडून देतो." आई म्हणाली, "राहू दे." माणसं गेली आणि घर पुन्हा पहिल्या चालीवर आलं. डाळ पातेल्यात शिजू लागली. कडी वर उचलून सरकू लागली. दिवसा दोघी कुजबुजत आणि दिवेलागणीला आवाज मोकळे करायच्या वेळी दोघींचे हात अडत, कारण खाट वाजत नसे. मग रात्रीही कुजबूजच राही. त्या फुलपात्राबद्दल कुणी काही बोललं नाही. मोहना कॉलेजात जाऊन मुलांना सांगे की काही जीव अंगातलं तेल संपेपर्यंत तळाशी थांबतात, आणि वर यायची वेळ चुकली तर तिथेच मरतात, आणि हे बाहेरून पाहणाऱ्याला कळत नाही, कारण झोपलेला आणि मेलेला तिथे सारखाच दिसतो. एकदा हे शेवटचं वाक्य बोलून झालं आणि ती नुसतीच टिपणं चाळत राहिली. मुलांना वाटलं, बाई काहीतरी विसरल्या.

उत्तरायण आलं. पहाटेपासून गच्च्यांवर स्पीकर लागले. "काय पो छे!" "ए लपेट, लपेट!" थाळ्या, पिपाण्या, शिट्ट्या, सगळं बडोदं छपरांवर चढलं होतं. या घराला वर्षभर सण नव्हता. दुपारी हंसाबेन झाकलेला डबा घेऊन आल्या. त्या दारातून आईला "मथुराबेन!" अशी हाक मारणार, तोच त्यांचा हात तोंडावर गेला, मान मधल्या खोलीकडे वळली, आणि सवयीने त्या पुटपुटल्या, "सूता छे?" मग त्या तशाच उभ्या राहिल्या. आवाज सगळ्या गावभर कोसळत होता आणि त्या तिघी एकमेकींकडे बघत होत्या. "मूई, मारी जीभ," हंसाबेन रडवेल्या झाल्या. आईने त्यांच्या हातातून डबा घेतला. "असू दे. आमचंही तेच होतं."

त्या गेल्यावर आईने डब्याचं झाकण उघडलं नाही. ती स्वयंपाकघरातल्या ओट्याला टेकून उभी राहिली. वर कुणाच्या तरी गच्चीवर पतंग कापला गेला आणि जल्लोष उठला.

"यांची झोप..." आई म्हणाली. मग मोहनाकडे न पाहता, "तुलाही आला होता ना तो आवाज?"

"हो, आई."

"घरंगळत गेलं होतं."

"हो."

"पाणी हवं असेल त्यांना."

आईने पदराचं टोक दातांत धरलं होतं. ती रडत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर विचारणाऱ्याचा भाव होता, लहान मुलीसारखा, की मी बरोबरच केलं ना, तू सांग, तू शिकलीस. आणि मोहनाच्या सगळ्या शिकण्यात याचं उत्तर नव्हतं. डॉक्टरांनी दिलं होतं तेवढंच होतं. सांगता येत नाही. ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत मेलेले होते, की त्यातला काही वेळ भिंतीपलीकडे पडून दोघींच्या बोटांतल्या शेंगांचा आवाज ऐकत होते, की मुकी वरात त्यांच्या कानांवरून पावलापावलाने गेली, हे आता कोणत्याच पडद्यावर उमटणार नव्हतं.

ती मधल्या खोलीत गेली. दिवा लावला नाही. बाहेर कडक ऊन होतं आणि कागद पेटल्यासारखा आतून भगवट झाला होता. त्याच्या एका कोपऱ्यात खळ सुटून बोटभर फट पडली होती आणि तिथून उन्हाची काडी फरशीवर पडली होती. किती वर्षांपासून असेल ती फट? आबा एवढ्यावर उठत असतील. एवढीच काडी विझताना बघून त्यांना कळत असेल, पोरगी आता मोकळेपणी बोलेल. कागदावरून एका पतंगाची सावली सरकली, डोकं झुकवून परत वर गेली. मोहना खाली बसली. खाटेखाली हात घातला. भिंतीला लागून, धुळीत, ते फुलपात्र तिथेच होतं. एवढी माणसं येऊन गेली, खाट हलवली, झाडलं-पुसलं, तरी राहिलंच होतं. तिने ते उचललं आणि जपून, आवाज न करता, तांब्यावर पालथं घातलं. मग तिला आपण काय केलं ते दिसलं. अजूनही आवाज न करता.

खाटेवर घडी केलेली चादर होती. तिने हात पुढे केला, लहानपणी जिथवर केला होता तिथवर. आणि ओठ हलवले. आवाज आला तो श्वासाएवढा. या खोलीसाठी तिच्याजवळ दुसरा आवाज कधी तयारच झाला नव्हता. तिने घसा साफ केला. तो खाकरण्याचा आवाज ऐकून आई दारात आली. तिचा उजवा हात आपोआप वर उठला, बोट ओठांकडे निघालं.

मोहनाने त्या बोटाकडे पाहिलं. आईनेही आपल्या बोटाकडे पाहिलं. ते हनुवटीपाशी थांबलं, आणि मग तिने तो हात दुसऱ्या हाताने धरून खाली घेतला.

"आबा," मोहना म्हणाली. आवाज फाटला, तिने तो सावरला नाही. भिंतींना लागेल, कागदाला लागेल, गल्लीच्या तोंडापर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने ती म्हणाली, "आबा, उठा. दुपार झालीय. ऊन पडलंय बाहेर. उठा."